थांबलेल्या पेशी

ऑपरेशननंतरच्या तिसऱ्या रात्री मला झोप लागत नव्हती. दुखत होतं हे खरं, पण जागं राहण्याचं कारण ते नव्हतं. माझ्या यकृताचा उजवा, मोठा भाग आता दादाच्या पोटात होता. माझ्याकडे डावा भाग उरला होता, एकूण यकृताच्या जेमतेम ३५ टक्के. आणि मला माहीत होतं की या घटकेला त्या उरलेल्या तुकड्यात पेशी विभागायला लागल्या असणार. गेली वीस वर्षं मी मुलांना पेशीविभाजन शिकवते आहे. त्या चार अवस्थांची चित्रं फळ्यावर किती वेळा काढली असतील, याची गणती नाही. आता ते सगळं माझ्याच बरगड्यांखाली चाललं होतं आणि मला त्यातलं काहीही जाणवत नव्हतं. मी पोटावर हलकेच हात ठेवून पडून राहिले.

दादाचं यकृत त्याच्याच प्रतिकारशक्तीने पोखरलं होतं. वर्षानुवर्षं ती यकृताच्या पेशींना परकं समजून मारत राहिली. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी अशा आजारी यकृताच्या छेदाचं एक चित्र आम्हाला दाखवलं. सगळीकडे लहान लहान गाठी, आणि प्रत्येक गाठीभोवती पांढुरक्या, घट्ट पट्ट्यांचा वेढा. मी विचारलं, "या गाठी म्हणजे मेलेला भाग का?" ते म्हणाले, "नाही, उलट आहे. या नव्याने वाढलेल्या पेशी आहेत. पांढरं दिसतंय ते व्रण."

हे मला ठाऊक नव्हतं. माझी कल्पना होती की यकृत हळूहळू हरत जातं. प्रत्यक्षात दादाच्या पेशी शेवटपर्यंत विभागत होत्या, मेलेल्यांची जागा भरून काढायला बघत होत्या. पण व्रणाच्या पट्ट्यांनी त्यांना कोंडून घातलं होतं. रक्त नीट पोचत नव्हतं, पित्ताला वाट सापडत नव्हती. वाढ होती, पण तिच्यातून यकृत उभं राहत नव्हतं. त्या दिवसापासून 'वाढ' हा शब्द मला पूर्वीसारखा सहज वापरता येत नाही.

वर्गात दर वर्षी कोणीतरी विचारतंच, "मोठं होणं म्हणजे पेशी मोठ्या होणं का?" प्रश्न अगदी योग्य आहे. हत्तीच्या यकृतातली पेशी आणि उंदराच्या यकृतातली पेशी यांच्या आकारात फारसा फरक नसतो. फरक असतो तो संख्येत. पेशी फुगत गेली की तिचं आकारमान पृष्ठभागापेक्षा झपाट्याने वाढतं. आत लागणारं अन्न आणि प्राणवायू तेवढ्याच पातळ पटलातून यायचा असतो, म्हणून एका मर्यादेपलीकडे फुगणं तिला परवडत नाही. मग ती विभागते. एकीच्या दोन, दोनाच्या चार असं कागदावर ४५ वेळा दुप्पट केलं की आकडा ३५ लाख कोटींच्या वर जातो, आणि माणसाच्या शरीरातल्या पेशींचे अंदाज याच्याच आसपास आहेत. हा हिशेब मुलांना फार आवडतो. पंचेचाळीस हा आकडा त्यांना विश्वास बसणार नाही इतका छोटा वाटतो.

पण विभाजन म्हणजेच वाढ, असंही नाही. फलित अंड्याचं पहिल्या काही दिवसांत नुसतंच विभाजन होतं. एकाच्या दोन, चार, आठ पेशी होतात आणि तो गोळा जवळपास तेवढाच राहतो, एक मिलिमीटरचा दहावा भाग. दर वेळी पेशी फक्त लहान होत जातात. याउलट यकृत विभाजन न करताही वाढू शकतं. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे की यकृताचा साधारण तिसरा हिस्सा काढला तर उरलेल्या पेशी फुगूनच भरपाई करतात. दोन तृतीयांश काढलं तर फुगणं पुरत नाही. मग त्या आधी फुगतात आणि नंतर विभागतात. माझं जवळजवळ दोन तृतीयांश गेलं होतं. माझ्या पेशींना दोन्ही करावं लागणार होतं.

यकृताची पेशी एरवी विभागत नाही. ती पेशीचक्राच्या, म्हणजे विभाजनापर्यंत नेणाऱ्या टप्प्यांच्या बाहेर, निवांत, आपलं काम करत महिनोन्‌महिने बसलेली असते. तिला उठवून चक्रात आणावं लागतं. आणि चक्रात आल्यावर तिला सगळ्यात आधी जे करावं लागतं, ते माझ्या फळ्यावरच्या चार चित्रांमध्ये कधी आलंच नाही. तिला आपला सगळा डीएनए उतरवून काढावा लागतो. हा डीएनए म्हणजे ४६ लांब धागे, ४६ गुणसूत्रं, सरळ करून टोकाला टोक जोडली तर साधारण दोन मीटर लांब, आणि ठेवलेली एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या केंद्रकात. त्यावरची सुमारे ६०० कोटी अक्षरं सात-आठ तासांत उतरवली जातात, तीही एकाच वेळी हजारो ठिकाणी सुरुवात करून. उतरवताना होणाऱ्या चुका तिथल्या तिथे तपासून दुरुस्त होतात, आणि शेवटी १०० कोटी अक्षरांमागे एखादीच चूक शिल्लक राहते. पाठ्यपुस्तकात या टप्प्याला एक ओळ मिळते, कारण सूक्ष्मदर्शकाखाली यातलं काही दिसत नाही. केंद्रक शांत, गोल, नेहमीसारखंच दिसतं. मी स्वतः वर्गात ती ओळ वाचून पुढे जात असे. आता जात नाही.

जे दिसतं, ते पहिल्यांदा नीट पाहिलं वाल्टर फ्लेमिंगने (पेनिसिलिनचा फ्लेमिंग वेगळा). एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृत्रिम रंगांचा कारखानदारी जमाना सुरू झाला होता, आणि त्यातले काही रंग पेशीच्या केंद्रकातल्या एका पदार्थाला घट्ट धरतात हे लक्षात आलं होतं. फ्लेमिंगने सॅलॅमँडर या शेपटीवाल्या उभयचर प्राण्याची पिल्लं घेतली, कारण त्यांच्या पेशी आणि गुणसूत्रं चांगली मोठी असतात. पण रंगवलेली पेशी मेलेली असते. काचपट्टीवर शेकडो पेशी वेगवेगळ्या क्षणांवर गोठलेल्या. त्यातलं आधीचं कोणतं, नंतरचं कोणतं? त्याने एकेक चित्र काढून तो क्रम लावला, जिवंत पेशींवर नजर ठेवून ताडून पाहिला, आणि १८८२ मध्ये सगळं छापलं. धाग्यासाठीच्या ग्रीक शब्दावरून त्याने या प्रकाराला नाव दिलं मायटोसिस. आपण म्हणतो सूत्री विभाजन. 'सूत्र' म्हणजे धागाच, त्यामुळे मराठीत मूळ अर्थ जसाच्या तसा राहिला आहे. पुढे १८८८ मध्ये त्या धाग्यांना क्रोमोसोम हे जे पाश्चात्त्य नाव मिळालं, त्याचा अर्थ नुसता 'रंगणारी वस्तू' असा होतो. मराठीतलं 'गुणसूत्र' मला त्याहून कितीतरी बोलकं वाटतं.

याच शतकात एक वाक्य प्रसिद्ध झालं होतं, प्रत्येक पेशी पेशीपासूनच जन्मते. १८५५ मध्ये रुडॉल्फ फिर्शोने ते मांडलं आणि आजही ते त्याच्या नावावर आहे. पण कोंबडीच्या गर्भातल्या पेशी दुभंगताना पाहून हीच गोष्ट त्याच्याआधी रॉबर्ट रेमाकने सांगितली होती. रेमाक ज्यू होता आणि त्याने धर्म बदलला नाही, म्हणून तेव्हाच्या प्रशियात त्याला पूर्ण प्राध्यापकपद कधी मिळालं नाही. मी वर्गात हे नाव मुद्दाम घेते. परीक्षेत ते विचारलं जात नाही, तरीही घेते.

त्या वाक्याचा अर्थ मला हॉस्पिटलच्या खाटेवर नव्याने लागला. पेशी कुठेही शून्यातून तयार होत नाही. माझी प्रत्येक पेशी कुठल्यातरी पेशीचा अर्धा भाग होती, ती आणखी कुठल्या तरी पेशीचा, आणि ही साखळी मध्ये कुठेही न तुटता आईच्या एका पेशीपर्यंत जाते. दादाचीही तिथेच जाते. आमची पेशींची वंशावळ आईच्या देहात एकत्र येते, आणि आता माझ्या फांदीवरच्या काही पेशी त्याच्या शरीरात विभागत होत्या. शेजारच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. नर्स सांगत होती की त्याची लघवी आता कमी पिवळी झाली आहे. मला त्या वाक्याने जेवढा आनंद झाला, तेवढा क्वचितच कशाने झाला असेल.

चार चित्रांपैकी दुसरं, मध्यावस्था, मी नेहमी घाईने काढत आले. सगळी गुणसूत्रं पेशीच्या मधोमध रांगेत उभी राहतात, दोन्ही टोकांकडून तर्कुतंतू नावाचे बारीक धागे येऊन त्यांना धरतात, झालं. मुलांनाही ते सोपं वाटतं. मग काही वर्षांपूर्वी मी जिवंत पेशीची चित्रफीत पाहिली आणि माझ्या चित्राची मला लाज वाटली. ती रांग स्थिर नसतेच. तर्कुतंतू अंधारात चाचपडल्यासारखे वाढतात, काही सापडलं नाही तर आखडतात, पुन्हा वाढतात. एखादं गुणसूत्र एकाच बाजूने पकडलं जातं, ओढलं जातं, सुटतं, परत मध्ये येतं. दोन्ही बाजूंनी धरलं जाऊन सारखा ताण बसला तरच ती पकड टिकते. आणि जोवर एकही गुणसूत्र सुटं आहे, तोवर ते 'थांबा' असा रासायनिक संदेश पाठवत राहतं. सेहेचाळिसांपैकी पंचेचाळीस तयार असतील, तरी पेशी त्या एकासाठी थांबते. पुरेशी घट्ट बांधणी झाली की मग एका झटक्यात, सगळ्या गुणसूत्रांच्या जोडून असलेल्या दोन-दोन प्रती एकदम सुटतात आणि दोन्ही टोकांकडे निघतात. ते पाहताना दर वेळी माझा श्वास अडतो.

हे थांबणं पेशीचक्रात जागोजागी आहे. डीएनए उतरवायला सुरुवात करण्याआधी, तो उतरवून झाल्यावर, आणि या रांगेत. यीस्टसारख्या एकपेशीय बुरशीवर काम करून लेलंड हार्टवेलने या तपासणीनाक्यांची कल्पना मांडली. पॉल नर्सने विभाजनाची किल्ली असलेलं एक जनुक यीस्टमध्ये शोधलं, आणि १९८७ मध्ये दाखवलं की त्या जनुकाच्या जागी माणसाचं जनुक घातलं तरी यीस्ट व्यवस्थित विभागतं. आपल्यात आणि यीस्टमध्ये शंभर कोटी वर्षांहून जास्त अंतर आहे, तरी किल्ली तीच. टिम हंटने १९८२ मध्ये समुद्री साळू या काटेरी समुद्रप्राण्याच्या अंड्यांत एक प्रथिन पाहिलं, जे प्रत्येक विभाजनाआधी साठत जातं आणि विभाजनाच्या वेळी अचानक नाहीसं होतं. पुढे कळलं की ते नष्ट झाल्याशिवाय पेशीला विभाजनातून बाहेर पडता येत नाही. तिघांना मिळून २००१ चं नोबेल मिळालं.

मी हे सगळं शिकवलेलं होतं, तरी पाचव्या दिवशी मला भीती वाटली. यकृत वाढतंय हे ठीक, पण थांबलं नाही तर? हा प्रश्न शिक्षिकेचा नव्हता, पोटात टाके असलेल्या बाईचा होता. सकाळी डॉक्टर आले तेव्हा मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "थांबतं." त्यांच्या आवाजात इतकी खात्री होती की मी पुढे काही विचारलं नाही. कसं थांबतं ते घरी आल्यावर वाचलं.

१९३१ मध्ये हिगिन्स आणि अँडरसन यांनी प्रयोगशाळेतल्या घुशीएवढ्या उंदरांवर एक प्रयोग केला, जो आजही तसाच केला जातो. यकृताचे दोन तृतीयांश भाग काढायचे. आठ-दहा दिवसांत वजन जवळपास पूर्ववत होतं. आकार मात्र नाही. कापून काढलेल्या पाळ्या पुन्हा उगवत नाहीत, उरलेल्याच मोठ्या होतात. म्हणजे यकृत आपलं जुनं रूप आठवून ते परत घडवत नाही. शरीराला जेवढं यकृत लागतं, तेवढं ते भरतं. हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो.

मग पेशींना कळतं कसं, की कमी पडतंय? १९६७ मध्ये मूल्टन आणि नॅन्सी बुचर यांनी दोन उंदरांचा रक्तप्रवाह एकमेकांना जोडला. एकाचं यकृत कापलं, आणि दुसऱ्याच्या न कापलेल्या, धडधाकट यकृतातल्या पेशी डीएनए उतरवू लागल्या. निरोप रक्तातून जात होता. आतड्यांकडून येणारं सगळं रक्त आता लहानशा यकृतातून वाहायचं असतं, त्यामुळे एकेका पेशीच्या वाट्याला जास्त रक्त, जास्त पित्ताम्लं, जास्त संदेश येतात. पेशी वाढल्या की तोच भार अधिक जणींत वाटला जातो. एकेकीवरचं ओझं उतरतं आणि विभाजनाची निकड सरते.

आणि याशिवाय ब्रेक आहेतच. फळमाशीत एक जनुक सापडलं. ते बिघडलं की माशीच्या डोक्याची त्वचा अतोनात वाढून घड्या पडतात, पाणघोड्यासारखी दिसते, म्हणून त्याचं नाव हिप्पो. हे जनुक ज्या यंत्रणेचा भाग आहे, ती पेशीला सांगत असते की आता पुरे. २००७ मध्ये शास्त्रज्ञांनी उंदरांच्या यकृतात हा ब्रेक ज्याला आवरून धरतो ते प्रथिन वाढवलं, तेव्हा यकृत चौपट-पाचपट झालं. ते प्रथिन बंद केल्यावर यकृत पुन्हा जवळपास मूळ आकाराला आलं. जादा पेशी स्वतःहून मेल्या. वाढीच्या मार्गावर परतीची वाटही आहे, हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले.

ब्रेक कायमचा निकामी होतो तेव्हा त्याला कर्करोग म्हणतात. कर्करोगाच्या पेशीला फार वेगळं काही येत असतं असं नाही. तिच्याकडचं यंत्र तेच असतं, ज्याने माझी जखम भरली. तपासणीनाके ओस पडलेले असतात आणि शेजारणींचं ती ऐकत नाही, एवढंच. यावर जास्त लिहायची माझी इच्छा नाही. त्या हॉस्पिटलात माझ्या शेजारच्या खोलीत जे होते, त्यांना ते पुरेसं कळत होतं.

घरी परतल्यावर पहिले काही आठवडे विलक्षण थकवा होता. बादली उचलायची नव्हती आणि उचलावीशीही वाटत नव्हती. त्या काळात वाचलेली एक गोष्ट मी दादाला फोनवर सांगितली. १९५० ते १९६३ च्या दरम्यान उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांनी हवेतला किरणोत्सारी कार्बन जवळजवळ दुप्पट झाला, आणि बंदी आल्यावर तो दरवर्षी उतरत गेला. पेशी विभागताना जो डीएनए तयार होतो, त्यात त्या वर्षीच्या हवेतला कार्बन अडकतो. त्यावरून पेशीचं जन्मवर्ष काढता येतं. मेंदूच्या बाह्य थरातल्या चेतापेशी आपल्याच वयाच्या निघाल्या. आणि २०२२ मध्ये ड्रेस्डेनमधल्या गटाने यकृत मोजलं, तर माणूस विशीतला असो की ऐंशीतला, यकृताचं सरासरी वय तीन वर्षांच्या आतच भरलं. "म्हणजे बेचाळीस वर्षांच्या बहिणीने तुला तीन वर्षांचं यकृत दिलंय," मी म्हटलं. दादा काही क्षण बोलला नाही. मग म्हणाला, "सांभाळीन."

तीन महिन्यांनी माझं स्कॅन झालं, आणि नंतर वर्षाने पुन्हा. यकृत वाढलं होतं, माझ्या पूर्वीच्या यकृतापेक्षा किंचित कमी भरलं, आणि दोन्ही स्कॅनमध्ये दिसत होतं तसं, वेग सुरुवातीच्या आठवड्यांतच खर्च करून बसलं होतं. दादाच्या पोटातला भागही वाढला होता. दादा माझ्याहून उंच, रुंद. त्याच्याकडचं यकृत माझ्याकडच्यापेक्षा मोठं झालं. दोन्हीकडच्या पेशी माझ्याच, त्याच ४६ गुणसूत्रांच्या, एकाच दिवशी वेगळ्या झालेल्या. एका घरात त्या एका मापाला थांबल्या, दुसऱ्यात दुसऱ्या. माझी दोन एक्स गुणसूत्रं घेऊन त्या एका पुरुषाच्या शरीरात राहतात आणि त्याच्या मापाने वागतात.

वर्षभरानंतर दादाच्या ठरलेल्या तपासणीत सुईने यकृताचा बारीक तुकडा काढला. मी शिक्षिका आहे आणि यकृत माझं आहे, हे ऐकून तिथल्या विकृतिशास्त्रज्ञ बाईंनी मला आत बोलावलं आणि सूक्ष्मदर्शकासमोरची खुर्ची दिली. "बघा तुमचं," त्या म्हणाल्या.

गुलाबी पेशींच्या ओळी आणि त्यात निळी-जांभळी केंद्रकं. काही पेशींत दोन-दोन केंद्रकं, यकृतात असतात तशी, केंद्रक विभागलं पण पेशी विभागली नाही अशी. मध्ये बारीक रक्तवाहिन्या. व्रणाची पट्टी कुठेही नव्हती. वर्गात कांद्याच्या मुळाच्या टोकाची काचपट्टी लावली की मी मुलांना एकच काम देते, विभागणारी पेशी शोधा. जो आधी शोधतो तो ओरडतो आणि सगळे त्याच्याभोवती जमतात. मीही सवयीने तेच शोधायला लागले. रांगेत उभी गुणसूत्रं, दोन टोकांना निघालेले गडद पुंजके. काचपट्टी सरकवत गेले, भिंग बदललं, कडेपर्यंत जाऊन परत आले.

एकही सापडली नाही. सगळ्या आपापल्या जागी, शांत.

दादा बाहेर बाकावर बसला होता. मी येऊन त्याला सांगितलं की खूप शोधलं, पण एकही पेशी विभागताना दिसली नाही.

"म्हणजे चांगलं ना?" त्याने विचारलं.

"फार चांगलं," मी म्हटलं आणि त्याच्या शेजारी बसले.